मागच्या चाकाखालची वीट

लिंबायत, सुरत
रविवार, ता. १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय लोकेशभाऊ,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडली की आईचा गुडघा कुरकुरतो, पण भाकरी तीच थापते; माझ्या हातची तिला पटत नाही. वहिनी कशा आहेत? फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून कागदावर लिहितेय. ताराआत्या कोसाडला तुमच्याकडे निघालीय, तिच्या हाती देते. ती समोर बसून राहील, तेव्हा वाचावंच लागेल.

बातमी अशी की पप्पांच्या रिक्षाला मी अलार्म बसवला. रिमोटवाला. एक बटण दाबलं की गाडी राखणीला बसते, दुसरं दाबलं की लांबूनच चालू होते. नाक्यावरचा कुंदन मेकॅनिक म्हणाला, "रेवा दो बेन, तमाराथी नहीं थाय." मला जमणार नाही म्हणे! एवढं ऐकल्यावर मी गप्प बसेन का? मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि गल्लीतच सीट काढली. लाल वायर बॅटरीला, काळी बॉडीला. बाकीच्या किल्लीच्या कुलपामागे होत्या, त्या बल्ब लावून एकेक शोधल्या. भोंगा सीटखाली बसवला. दुपारचे तीन वाजले, बोटं सोलली, पण झालं.

मग ऐटीत दारात उभी राहून बटण दाबलं. रिक्षा चालू झाली ती उडी मारूनच, आणि शोभाबाईंचा पाण्याचा ड्रम आडवा. गल्ली ओली, शोभाबाई लाल. आई बाहेर येऊन म्हणाली, "हाई काय करी राह्यनी व माय?"

चूक माझीच होती. गाडी गिअरमध्ये होती. पप्पांची शिस्त आठवते ना? हँडब्रेकवर त्यांचा कधी विश्वास नव्हता. गाडी उभी करायची ती पहिल्या गिअरमध्ये टाकून, वर मागच्या चाकाखाली वीट. आपल्या दोघांना त्यांनी तसंच शिकवलं. हात आपोआप तेच करतो.

आता खरं लिहिते.

दिवाळीआधी आईला घेऊन मी दवाखान्यात होते, तेव्हा दारातली रिक्षा गेली. दोन दिवस माझ्या रिक्षातल्या शाळेच्या मुलींना सोडायला दुसऱ्या रिक्षावाल्यांच्या हातापाया पडले. तू आलास, आईसमोर म्हणालास, "एक गाडी सांभाळता येत नाही हिला. बाईमाणसाचं काम नाही हे, विकून टाकू." मी रडले, ते तू पाहिलंस. तिसऱ्या दिवशी कतारगामला भाजी मार्केटच्या मागे गाडी सापडली. तू म्हणालास, चोर घाबरून सोडून गेला असेल.

गाडी आणायला मी एकटी गेले होते. कुलूप शाबूत होतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. आणि मागच्या चाकाखाली वीट होती.

चोर गाडी टाकून पळतो, भाऊ. तो वीट शोधत बसत नाही.

महिना झाला, मी कुणाला बोलले नाही. तुझी लाज वाटली म्हणून नाही. मला भीती वाटत होती की आईला कळलं तर ती तुझीच बाजू घेईल, आणि मग मला गाडी सोडावी लागेल. काल तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "त्याले सांग, घर येवाले चावी लागत नही. गाडी मना नाववर शे, आन ती हाई पोरच चालाडी."

तेव्हा तुझ्याकडची दुसरी चावी तुझ्याकडेच राहू दे. नुसत्या चावीने गाडी आता चालू होत नाही, फक्त बोंबलते, आणि ती बोंब पार मशिदीच्या चौकापर्यंत जाते. रिमोट दोन आले होते. एक माझ्या गळ्यात, दुसरा आईच्या कमरेच्या जुडग्यात. तुला गाडी हवी असेल तर दारातून ये, जेवायला बस, आणि तिच्याकडे माग. ती देईल की नाही, ते मी सांगू शकत नाही.

गाडी मी आता न्यूट्रलमध्ये उभी करते. विटा मात्र दोन लावते, एक पुढे, एक मागे.

उद्या सकाळी साडेसहाला मुली बसायला येतील, आणि मी निघेन.

चंदू रिक्षावाल्याची मुलगी,
विशाखा