रिपोर्टवरचं नाव

हिरा भावा,
आज खडीच्या क्रशरवर जाऊ नको, मुकादमाला फोन केलाय.

माझा खोकला पकडला जाऊ नये म्हणून कंपनीच्या तपासणीत माझ्या नावानं तू नळीत फुंकलंस, त्याचा रिपोर्ट आला. नोकरी हुकली, ते सोड. नाव माझं हाय, पण फुप्फुसं तुझी, आणि ती खराब व्हायला लागलीत. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलंय, औषधानं आवरंल, पण धुळीत जायचं नाय.

मी कर्जतच्या दवाखान्यात नंबर लावायला चाललोय. टोपातला भात खाऊन मागून ये. या वेळी स्वतःच्या नावानं फुंक.

आईला वाटतंय, आजार मलाच झालाय. काल ती माझ्या छातीला तेल चोळत बसलेली. मी गुमान चोळून घेतलं.

दादा