पंचमीचं पाणी

श्रावण वद्य पंचमी, संध्याकाळ

आज खाडीचं पाणी बांध ओलांडून शेतात आलं. पंचमीला! पुनवेचं उधाण दुजे-तिजेपर्यंत, मग पाणी उतरत जातं, हा बाबांचा जन्माचा हिशोब. म्हणून तर आज बांधाकडे न फिरकता ते पेणला बाजाराला गेले होते.

धरमतरच्या जेट्टीवरची शिफ्ट संपवून मी आलो, तेव्हा ते बांधावर उभे होते. लावलेला भात सगळा पाण्याखाली. त्यांनी बोटभर चिखल जिभेवर ठेवला आणि थुंकले. "खारी झाली रे जमीन." मग मलाच विचारलं, "आज पंचमीच हाय ना?"

"व्हय," म्हटलं. आणखी काय सांगू? दिवसभर मी बार्जमधला कोळसा उतरवतो. तो कुठेतरी जळतो, हवा तापते, समुद्र चढतो, एवढं मला कळतं. आणि त्याच पगारातून गेल्या वर्षी या बांधावर माती टाकली! हसावं की रडावं?

घरी आल्यावर आई म्हणाली, "पुनवेला खाडीला नारळ दिलेला, तरी?" बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. ज्यांना तिथी अख्खा गाव विचारतो, ते पंचमीवर बोट ठेवून बसले होते.

"माझंच चुकलं," म्हणाले.

नाय बाबा, तुमचं नाय चुकलं, हे ओठांवर आलं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, कोणाचं?