बाबांच्या खात्याचा नंबर बदललाय

दादा,

बाबांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता भरला. काल ऑनलाइन भरत होते, तेव्हा ओटीपी तुझ्या फोनवर गेला. मी दार वाजवलं, तर आतून ओरडलास, "कटकट नको!" काल भरता आलाच नाही आणि आज शेवटची तारीख होती. म्हणून बाबांना व्हीलचेअरवर बसवून बँकेत नेलं आणि खात्याला तुझ्याऐवजी माझा नंबर जोडून घेतला. आता त्यांच्या पेन्शनला परस्पर हात लावून दाखव.

बँकेतल्या बाईंनी विचारलं, "मुलगा नाही का?"

बाबा म्हणाले, "आहे, पण परगावी असतो."

तू तेव्हा इथे घोरत पडला होतास. मी त्यांना खोटं पाडलं नाही. मीही आता तेच धरून चालते. स्वयंपाक दोघांचाच केलाय.

— छोटी