वीरण्णाची पिवळी रेघ

लातूर
दि. ६ फेब्रुवारी २०२५

चि. ईश्वरप्पास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

सोमवारी काळजी करू नका म्हणून तू दोन मिनिटांत फोन ठेवलास. मला फोनवर नीट विचारता येत नाही. तू नांदेडला शिकायला गेलास तेव्हापासून आपली पद्धत पत्राची, आणि सातवीत शाळा सुटलेल्या माझ्यासारख्याचं मराठी पत्रं लिहून लिहूनच सरळ झालं. म्हणून लिहितो.

तुझी गाडी १९ जानेवारीला माझ्या गॅरेजात होती. पुढचे ब्रेक मी स्वतः केले. डाव्या चाकाचा ब्रेक पाइप बदलला, नट आवळला आणि त्यावर माझी रेघ ओढली. काडेपेटीच्या काडीने पिवळ्या ऑइल पेंटची रेघ, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. नट केसभर फिरला तरी ती तुटते, वाकून बघितलं की कळतं. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही. औशापासून अहमदपूरपर्यंतचे ड्रायव्हर तिला वीरण्णाची रेघ म्हणतात, आणि तूच ते चारचौघांत कौतुकाने सांगत आलास. अठ्ठावीस वर्षांत रेघ ओढलेला नट सुटला नाही. आणि आता माझ्या सख्ख्या भावाच्या गाडीचा ब्रेक गेला, माणूस चाकाखाली आला.

मला एवढं कळव. पेडल एकदम खाली गेलं का हळूहळू? अगोदर लाल दिवा लागला होता का? या गाडीत ब्रेकचे दोन भाग असतात, एक गेला तरी दुसरा थोडाफार धरतो. तो का धरला नाही? आणि ज्यांना लागलं ते कसे आहेत? तू नुसतं एक शिंपी म्हणालास. त्यांना नाव असेल.

सोमवारपासून शटर खाली आहे. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायची हिंमत होत नाही. तुझी वहिनी चतुराबाई म्हणते की लई झालं, दोन घास खा, नट काय ताटात बसलाय का. तिला हसून दाखवतो.

उज्वलाला धीर दे, स्वतःला जप. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
अण्णा


नांदेड
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं. प्रश्न असे की मीच परीक्षेला बसलोय! तर उत्तरं घ्या. पेडल एकदम खाली गेलं. दिव्याकडे लक्ष नव्हतं. दुसऱ्या भागाचं तुम्हाला ठाऊक, मी मराठीचा मास्तर.

झालं असं. त्या रविवारी आमचे रेणुकादास सर निवृत्त झाले म्हणून मुखेड रस्त्याच्या एका धाब्यावर सगळ्या शिक्षकांचं जेवण होतं. परत येताना, पावणेसातला, नांदेडच्या अलीकडे जिलानी नावाचे शिंपी सायकलवर आडवे आले. ब्रेक दाबला तर काहीच नाही. लोक जमतील, मारतील या भीतीने हँडब्रेकवर हळूहळू गाडी घरी आणली. सोमवारी सकाळी नऊला गाडी घेऊन स्वतःच ठाण्यात हजर झालो. काही जण उगाच दारूबिरूचं बोलून राहिलेत. रक्त तपासलं, काही निघालं नाही.

आरटीओच्या निरीक्षकांना डाव्या चाकाचा नट दोन आटे ढिला मिळाला. तुमची रेघ मात्र जशीच्या तशी, सलग. म्हणजे नट नंतर फिरलेला नाही, आवळतानाच राहून गेला, असं वकीलसाहेब म्हणतात. अण्णा, तुम्हाला कोणी दोष देत नाही. वय होतं, चष्मा खिशात राहतो, नजर चुकते.

फक्त एक कागद हवा. त्या दिवशी घाईत नट पूर्ण आवळायचा राहिला असावा, एवढं तुमच्या सहीने. म्हणजे हा निष्काळजीपणाचा गुन्हा माझ्यावरून उतरेल. तुम्हाला फार तर एकदा कोर्टात यावं लागेल. निमित्ताने पुतणीच्या, अपूर्वाच्या हातच्या पुऱ्या खाल.

वहिनींस नमस्कार. आजवर पाठीशी उभे राहिलात, तसेच राहावे ही विनंती.

आपला
ईश्वर


नांदेड
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊजींस उज्वलाचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच वेगळं पत्र लिहिते आहे. ह्यांना सांगितलेलं नाही. चतुराताईंची कंबर कशी आहे? त्यांना तिळाचं तेल पाठवते.

इथे अपूर्वा वडिलांशी बोलत नाही, वेगळी जेवते. मे महिन्यात तिचा साखरपुडा ठरला आहे, आणि ती म्हणते की पुढे ढकला. कारण विचारलं तर म्हणते, बाबांनाच विचार.

त्या संध्याकाळी हे आले ते थेट न्हाणीत गेले. मग मुठीने लवंगा चावत बसले. मी काही विचारलं नाही, ही माझी चूक. पहाटे उठून खाली गाडीपाशी गेले, खटपट करून वर आले आणि दाराच्या चौकटीला लावलेल्या पिवळ्या रंगाचा डबा कुठे ठेवलास म्हणाले. ओरखडा बुजवायचा होता म्हणे. गाडी पांढरी, तिला पिवळा रंग कशाला, असं म्हटलं तर खेकसले.

मला गाडीतलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं, म्हणून लिहिलं. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाला.

आपल्या आशीर्वादाची वाट बघणारी
उज्वला


लातूर
दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. ईश्वरप्पास आशीर्वाद.

काल सकाळच्या एसटीने नांदेडला आलो होतो. तुझ्या घरी आलो नाही. तुला हवा होता तो कागद लिहून, सही करून खिशात घेतला होता.

आधी दवाखान्यात गेलो. जिलानीभाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली कापलाय. चाळीस वर्षं शेरवान्या शिवतात, पायाने चालवायच्या पायट्याच्या मशीनवर, मोटार कधी लावली नाही. उशाशी मुलगी अर्शी होती. मी हात जोडून सांगितलं की गाडीचा मेकॅनिक मी, चूक माझी. मुलगी उठून बाहेर गेली. जिलानीभाईंनी माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाले की मियाँ, कपडा उसवला तर मी आधी माझी शिलाई बघतो, तुम्ही तुमचं काम जाऊन बघितलं का. मी म्हणालो, अजून नाही. मग तेच सांगू लागले की गाडी दुरूनच नागमोडी येत होती, म्हणून ते सायकल रस्त्याखाली घेत होते. ड्रायव्हर उतरला, त्यांच्या तोंडाशी वाकला, माफ करा म्हणाला आणि निघून गेला. दारूचा वास अजून नाकात हाय, म्हणाले.

तू वाकलास, ईश्वर. बघितलंस आणि गेलास.

तिथून ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, हात लावायचा न्हाई, बघायचं तेवढं बघा. चष्मा लावला, बॅटरी घेतली, गाडीखाली आडवा झालो. नट ढिला. रेघ सलग. आणि चकचकीत.

तू मराठीचा मास्तर, म्हणून तुला सोप्या शब्दांत सांगतो. ब्रेक ऑइल रंग खातं. त्याचा थेंब पत्र्यावर पडला तर रंग फुगतो, पापुद्रे निघतात. त्या नटातून ऑइल गळून ब्रेक गेला असता तर सगळ्यात आधी माझी रेघ गेली असती. शेजारच्या पत्र्याचा रंग सोललाय. रेघ मात्र कालच ओढल्यासारखी. म्हणजे नट ढिला झाला, ऑइल गळलं, कोणीतरी ते पुसलं, आणि मग वरून रेघ ओढली. त्या रेघेत ब्रशचा एक केस चिकटलाय. मी ब्रश वापरत नाही.

मला कोणी काही सांगितलेलं नाही. नटानेच सांगितलं.

दुसऱ्या कोणी केलं असतं तर रेघ तोडून मोकळा झाला असता. सलग रेघेचा अर्थ काय होतो, ती बघून पहिला दोष कोणाला जाईल, हे ठाऊक असलेला माणूस एकच.

तो कागद अजून खिशात आहे, दिलेला नाही. तू स्वतः ठाण्यात जा आणि काय केलंस ते सांग. मी दहा दिवस थांबतो.

वीरण्णा


नांदेड
दि. २१ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस सा. न.

तुमच्यापुढे काय लपवायचं? घेतली होती. सरांनी लई आग्रह केला, सगळेच घेऊन राहिले होते. इतकी झाली नव्हती. ते सायकलवाले मध्येच आले.

मी घाबरलो. पहाटे गाडीपाशी बसलो असताना तुमची रेघ दिसली आणि एकदम वाटलं, अण्णा आहेत. लहानपणापासून माझं सगळं तुम्हीच निभावलं. हेही निभावाल.

आता सांगतो ते शांत डोक्याने वाचा. मला अटक झाली, अठ्ठेचाळीस तास आत राहिलो, की निलंबन. सव्वीस वर्षांची नोकरी जाईल. अपूर्वाचं जमलेलं मोडेल. तुमचं काय जाणार आहे? गॅरेजवाल्याचा हात एकदा चुकला, लोक महिनाभर बोलतील आणि पुन्हा गाड्या घेऊन येतील. तुमच्या कामात चूक धरूनच चालतात. शिक्षकाचं तसं नसतं. आणि चूक कोणाचीही ठरली तरी जिलानींना विमा मिळेलच, त्यांचा पाय काही तुमच्या जबाबाने परत येणार नाही.

रंगाची एक रेघ ती, अण्णा. तिच्यापायी भाऊ घालवाल?

आई जाताना माझा हात तुमच्या हातात देऊन गेली होती, एवढंच आठवा.

आपलाच
ईश्वर


लातूर
दि. २ मार्च २०२५

श्री. ईश्वरप्पा यांस,
नमस्कार.

दहा दिवस २७ तारखेला संपले. त्याच दिवशी मी ठाण्यात जबाब दिला. चार पानं झाली. कोणता नट, किती आटे, कोणता रंग, काडी कशी धरतो, सगळं लिहून घेतलं. पोलिसांनी दोनदा वाचून दाखवलं, एका ठिकाणी डावं-उजवं उलट झालं होतं, ते मी दुरुस्त करायला लावलं. केसासकट ती रेघ तपासायला जाणार आहे. फौजदार म्हणाले की चौदा तासांनंतरच्या रक्तात काही निघालं नाही, त्यामुळे दारूचं कलम कोर्टात टिकेल की नाही सांगता येत नाही, पण पुरावा बदलल्याचं टिकेल. म्हणजे दारूतून कदाचित सुटशील. रेघेत अडकलास.

माझं काय जाणार, असं विचारलंस. सांगतो. तू त्याच सोमवारी येऊन म्हणाला असतास की अण्णा, मी प्यालो होतो, माणूस उडवला, मला वाचवा, तर मी काय केलं असतं हे मला ठाऊक नाही. कदाचित खोटं लिहूनही दिलं असतं. आईचा हात मलाही आठवतो. पण तू मागितलं नाहीस. तू मला माझ्याच मनात खोटं पाडलंस. तेरा दिवस मी माझ्या उजव्या हाताकडे बघत बसलो. चतुराबाईने मला नवा चष्मा करून आणला. माझी नजर गेली असं मला वाटावं म्हणून तू पत्रात चष्म्याचा विषय काढलास, आणि मी तो चष्मा घालून मनोमन तुझे आभार मानले.

अपूर्वाचं लग्न माझ्या अंगणातून होईल, तिला तसं कळवलंय. उज्वलाला जाब विचारू नकोस. तिचा यात काही संबंध नाही.

जिलानीभाई घरी आलेत. गेले तीन दिवस त्यांच्याकडेच होतो. पायट्याची मशीन डाव्या पायाने चालेल अशी करून दिली. पट्टा हलवला, पायटा सरकवला, दांडी नवी बसवली. जखम भरली की बसतील. अर्शी पहिल्या दिवशी आतल्या खोलीतच राहिली, दुसऱ्या दिवशी चहा ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी मी दांडी बसवत होतो तेव्हा बॅटरी धरून उभी राहिली.

शेवटचा नट आवळल्यावर जिलानीभाईंनी विचारलं की वीरण्णाची रेघ कुठाय, नांदेडात कळलंय सगळ्यांना. रंगाची डबी पिशवीतच होती. मी म्हणालो, ती आता दुसऱ्यालाही ओढता येते. डबी काढली नाही. पाना उचलला आणि सगळे नट पहिल्यापासून पुन्हा एकेक करून बघितले.

उद्या सोमवारी शटर उघडतो.

वीरण्णा