उतार हाय का?

मंगळवार, संध्याकाळ

घरापासून फाटकापर्यंतचा नवा उतार झकास झालाय. पण गाडी धुतली की सगळं पाणी शेजारच्या रेहाना चाचींच्या दारात. फाटकाशी आडवी नाली काढू, असं गवंडी म्हणाला होता. गाडी आदळेल म्हणून मीच नको म्हणालो.

आज चाची फाटकाशी आल्या. चपला ओल्या.

"उतार हाय का आता?"

मी भडकलोच. "हाय की! लेव्हल लावून काढलाय!"

त्या गोंधळल्या. "अवं, आईच्या तापाचं इचारलं मी."

पाण्याबद्दल एक शब्द नाही. पेजेचा डबा माझ्या हातात देऊन त्याच ओल्या चपलांनी परत गेल्या.

सकाळीच गवंड्याला बोलावतो. नाली हवीच.

आईचा ताप दुपारीच उतरला होता. तेवढं सांगायचंही मला सुचलं नाही.