थोरली बळेपेटेत, धाकटी राजाजीनगरात

॥ श्री ॥
राजाजीनगर, बेंगळूर
३ ऑगस्ट १९५८

ती. सौ. अक्कांस,
पद्मावतीचा सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून जाऊ जावेला पत्र लिहिते म्हणून हसाल. पण इथून बळेपेटेत यायचं म्हणजे दोन मुलं, एक बस आणि अर्धा दिवस. ह्यांच्याबरोबर निरोप पाठवावा तर तो तुमच्यापर्यंत पोचताना निम्मा वाटेत सांडतो. आणि बारा वर्षं एका चुलीवर रांधल्यावर रोजचं काही तुमच्या कानावर घातलं नाही तर मला जेवण पचत नाही.

नवं घर अंगवळणी पडतंय. मागच्या दारी एक पायरी आहे. मुलं शाळेत गेली की तिथे बसून मी पेलाभर कापी गरम असतानाच पिते. लग्न झाल्यापासून मी कापी शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायलेच नव्हते, हे मला इथे येऊन कळलं. ह्यांना वेगळं न्हाणीघर मिळाल्यापासून गळा फुटलाय. शेजारीण काळजीने विचारत होती, घरात कुणी आजारी आहे का म्हणून. प्रतिमाला रोज वेणीत अबोली हवी. हयवदन रस्त्यावरच्या पोरांशी कन्नड बोलतो, माझ्याशी मराठी, आणि खोटं दोन्हींत सारख्याच सफाईने. माझं सारू मात्र तो शिवत नाही. दोड्डम्माच्या, म्हणजे तुमच्या, हातचं पाहिजे म्हणतो आणि वाटी सरकवतो. माझाही हात अजून भरल्या घराचाच आहे, त्यामुळे उरलेलं रोज शेजारी जातं.

एक विचारायचं होतं. वाटणीत आलेली पेटी आज उघडली. सासूबाईंच्या उभ्या गौरींपैकी फक्त धाकटीचा मुखवटा निघाला. थोरली कुठे राहिली? दोघी बहिणी, एकीला उभं करून दुसरीला ठेवता येत नाही. पाठवणार का?

अण्णांना नमस्कार सांगावा. माझं सारू कसंही होवो, तुमची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
पद्मा


॥ श्री ॥
बळेपेट, ७ ऑगस्ट

चि. सौ. पद्मास अनेक आशीर्वाद वि. वि.

थोरली माझ्याकडे आहे. मलाही तुझं पत्र आल्यावर पेटी उघडून कळलं. दोघा भावांनी समोरासमोर बसून वाटणी केली: दोन समया, एक इकडे एक तिकडे, दोन पराती, तसंच, दोन गौरी, तसंच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, थोरली थोरल्याच्या घरी, धाकटी धाकट्याच्या, कुणावर अन्याय नको. शिकलेसवरलेले भाऊ, पण सख्ख्या बहिणींची ताटातूट केली हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. वर एकमेकांना शहाणे म्हणून कापी प्याले.

तेव्हा भाद्रपदात धाकटीला घेऊन ये. गौरी या घरच्या आहेत, इथेच उभ्या राहतील. विषय संपला.

सारूला चिंच कमी घाल, गूळ स्वल्पच, आणि फोडणी शेवटी. हयूवर ओरडू नकोस, जिभेला कळतं ते तो बोलतो.

कळावे. इकडचा लोभ मागावा लागत नाही, तरी माग.

कृष्णाबाई


॥ श्री ॥
राजाजीनगर, १२ ऑगस्ट

ती. सौ. अक्कांस सा. न. वि. वि.

सारू जमलं. हयूने दोन वाट्या पिऊन विचारलं की दोड्डम्मा आत लपली आहे का, आणि स्वयंपाकघरात जाऊन दारामागे बघूनही आला.

आता गौरींचं. रागावू नका, पण विषय माझ्याकडून संपलेला नाही. बारा वर्षं मी पुरण वाटलं, सोळा भाज्या चिरल्या, आणि गौरींना साड्या तुम्ही नेसवल्यात. मी हातात टाचण्या धरून मागे उभी. तेव्हा त्याचं वाईट वाटलं नाही, वाटायला सवडच नव्हती. पण आता मला माझं दार आहे. प्रतिमा रोज अंगणात रांगोळीने गौरीची पावलं काढून बघते. पहिली बदकाची दिसायची, आता बाईमाणसाची दिसायला लागलीत. तिला मी काय सांगू? आपल्या दारातून गौर आत येणार नाही, उलट आहे तीच बाहेर जाणार, असं? शेजारणीची गौर गणपतीच्या आदल्या दिवशी येते. आपली त्याच्या मागून येते, तीही जोडीने, हे ऐकून तिला भारी गंमत वाटली. बघायला येते म्हणालीय.

एक वर्ष थोरलीला इकडे येऊ द्या. हे म्हणाले, सोनाराकडून आणखी दोन मुखवटे करून घेऊ, दोन जोड्या होतील. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते कुंपण तपासायला निघून गेले.

लहान तोंडी मोठा घास घेतलाय, पोटात घालावा आणि लोभ तसाच ठेवावा.

पद्मा


॥ श्री ॥
बळेपेट, १८ ऑगस्ट

चि. सौ. पद्मास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला, म्हणून लगेच उत्तर लिहिलं नाही. टाचण्यांचं मला माहीत नव्हतं. एकदा बोलली असतीस तर पदर तुझ्या हातात दिला असता. बारा वर्षं तोंडाने मुकी आणि पत्रात एवढी वकील.

तू दाराचं लिहितेस. तुझं दार नवं आहे, त्यातून येणारे-जाणारे पुष्कळ. माझी अहल्या सासरी, विश्वेश्वर नोकरीला म्हैसूरला, आणि आता तुम्ही गेलात. घरात आम्ही दोघं उरलो, त्यातले हे पेपर वाचत असले की घरात नसतातच. रोज सकाळी मी मोठं पातेलं चुलीवर चढवते आणि उतरवून लहान ठेवते. वर्षात तीन दिवस हे घर गजबजतं ते गौरींमुळे. त्याही तुझ्याकडे गेल्या तर त्या तीन दिवसांत मी काय करायचं, ते तूच लिहून कळव.

हे भांडण म्हणून लिहीत नाही. मला एकटं वाटतं, ते लिहिलं.

मुलांना गोड पापा. तू माझ्यावर रागावलीस तरी जेवून रागाव.

कृष्णाबाई


॥ श्री ॥
राजाजीनगर, २३ ऑगस्ट

ती. सौ. अक्कांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मला माझं घर भरायचं होतं, तुमचं रिकामं झालंय हे मनातच आलं नाही. वेगळं होताना भांडी मोजली, माणसं कुणी मोजली नाहीत. मला फार वाईट वाटलं, अक्का.

तेव्हा आम्ही चौघं तुमच्याकडे येतो. धाकटीला मांडीवर घेऊन बसने येईन. साड्या तुम्हीच नेसवा. मी टाचण्या धरीन, पण ह्या खेपेला तोंड चालू ठेवून. हयूला आनंद झालाय, तुमच्या माळ्यावर चढायला मिळणार. प्रतिमाची समजूत काढली. रडली नाही, पण रांगोळीचा डबा तिने आपणहून फळीवर नेऊन ठेवला आणि मग बराच वेळ खेळायला गेली नाही. होईल विसरायला.

अण्णांना नमस्कार. आमच्यासाठी मोठं पातेलं चढवून ठेवा, माया त्यात आपोआप येईल.

पद्मा


॥ श्री ॥
बळेपेट, २९ ऑगस्ट

चि. सौ. पद्मास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी जिंकल्याच्या आनंदात होते. तो रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला. मग त्या डब्याने मला सोडलं नाही. सासूबाईंनी गौरी माझ्या हाती सोपवल्या तेव्हा मी तुझ्याएवढीच होते, आणि पावलं माझ्या अहल्येने काढली होती. चांगली वाकडी आली होती. सासूबाई बोलायला फटकळ, पण त्या दिवशी गप्प राहिल्या आणि गौरी त्याच पावलांवरून आत आणल्या. मी प्रतिमाचा डबा फळीवर ठेवायला लावला तर त्या मला काय म्हणतील?

तेव्हा आम्हीच तुझ्याकडे येतो. विचारत नाही, कळवते. ह्यांनी घोड्याचा जटका सांगितलाय. थोरली माझ्या मांडीवर, मागे पातेलं, परात आणि पुरणयंत्र. विश्वेश्वरलाही रजा काढून थेट राजाजीनगरला ये म्हणून लिहिलंय. माझं घर तीन दिवस कुलपात राहील, राहू दे. मला माणसं हवी होती, ती तुझ्याकडे आहेत.

साड्या तू नेसवायच्या. मी चुका काढीन, पण नेसवून झाल्यावर.

डबा आजच खाली काढ. बाकी लोभ भेटीत.

कृष्णाबाई


॥ श्री ॥
राजाजीनगर, २ ऑक्टोबर

ती. सौ. अक्कांस सा. न. वि. वि.

तीन दिवसांसाठी आलात आणि अनंत चतुर्दशीपर्यंत राहिलात, तरी तुम्ही गेल्यावर हयूने अंथरुणात तुमची जागा दोन रात्री मोकळी ठेवली. शेजारीण अजून पुरणपोळीबद्दल बोलते. अण्णा आणि हे न्हाणीघरात आळीपाळीने गायचे, ते आता एकट्यावर आलंय, म्हणजे तेवढी शांतता म्हणायची. प्रतिमा पावलं पुसू देत नाही. पावसाने अर्धी गेली, उरलेल्यांवरून कुणी चालायचं नाही असा हुकूम आहे. माझी निरी दुसऱ्या दिवशी सुटली तेव्हा तुम्ही घरभर सांगितलंत, पण नव्याने नेसवायला मलाच बसवलंत. अक्का, मी त्या दिवसांत फार सुखात होते.

एक घोटाळा झालाय. काल पेटी वर ठेवण्याआधी कापड सोडलं तर आत थोरली. धाकटीच्या हनुवटीला पोचा आहे, हिच्या नाही. निघताना अण्णा जटक्यातून हाका मारत होते, त्या घाईत तुमच्या हातून अदलाबदल झाली असणार. पुढच्या शनिवारी ह्यांना पाठवते, बदलून घ्यावी.

चूकभूल माफ, लोभात मात्र वजावट नको.

पद्मा


॥ श्री ॥
बळेपेट, ४ ऑक्टोबर

चि. सौ. पद्मास अनेक उत्तम आशीर्वाद.

गुंडोभावजींना पाठवू नकोस. अदलाबदल घाईत झाली नाही. ते हाका मारत होते तेव्हा मी आत शांतपणे कापड बांधत होते.

भावांनी थोरलीला थोरली आणि धाकटीला धाकटी दिली. पण बारा वर्षं माझ्या हाताखाली धाकटी होती, तिच्यावाचून मला करमत नाही. हे तुझ्यासमोर उभं राहून सांगायला मला जमलं नसतं, म्हणून पत्रात सांगते. तुझ्या घरात वडीलधारं कुणी नाही, तेव्हा थोरली तिथे असू दे. पुढच्या भाद्रपदात तू तिला इकडे घेऊन ये. त्याच्या पुढच्या वर्षी मी हिला घेऊन येईन. आपल्यापैकी एकीला घर सोडून निघावंच लागेल, आणि तेच मला हवं आहे.

हिला मी पेटीत घातलेलं नाही. देवघराच्या कोनाड्यात ठेवली आहे. सकाळी दिवा लावला की आज भाजी काय करू, ते तिला विचारते. बारा वर्षं तू बोलली नाहीस, तशी तीही बोलत नाही. मग मी आपली तुझ्या आवडीची करते.

कळावे. आशीर्वाद आहेतच, पत्र पाठवायला उशीर करू नकोस.

तुझी,
अक्का