मधली शिवण

पलूस,
११ मे २०२५

ती. सौ. मंगलआत्यास,
प्रांजलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून नेहमीसारखं पत्रच. इकडे सगळे बरे आहेत. पप्पांचा गुडघा दुखतो आणि ते दुखत नाही म्हणून सांगतात.

त्यांच्याकडूनच कळलं की दसरा झाला की मामा मागाचा खड्डा बुजवणार. सूरजदादाला उंब्रजहून बिऱ्हाड घरी, तुम्हा आईबापांजवळ आणायचंय, त्या जागी फरशीची खोली करायचीय. त्याचं चुकतंय असं मी म्हणत नाही. घोंगडी खपत नसतील तर माग ठेवून करायचं काय? पण ज्या खड्ड्यात पाय सोडून मामांनी जन्मभर घोंगडी विणली, त्यात वाळू भरायची, हे ऐकून मी ताटावरून उठले. तेव्हाच ठरवलं. दसऱ्याच्या आत तुमच्या घोंगड्यांना गिऱ्हाईक मी आणणार.

मला येतं काय म्हणशील तर फारसं नाही. मानसिंगदादाच्या फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवस, निवड आणि भावपूर्ण श्रद्धांजली एवढंच बनवते. दुकानातलं सॉफ्टवेअर विकतचं आहे, ते घरी आणता येत नाही. म्हणून पप्पांच्या जुन्या लॅपटॉपवर गिंप आणि इंकस्केप अशी दोन फुकटातली घेतलीत. एक फोटो नीट करायला, एक चित्रं-अक्षरं काढायला. शिकवणारं कोणी नाही. मोबाइलवर धडा बघायचा, थांबवायचा, करून बघायचा, बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून. मी इंटरनेटवर एक पान करणार आहे. त्यावर घोंगड्याचा फोटो, माहिती आणि खाली ‘मागवा’ असं बटण. ते दाबलं की गिऱ्हाइकाचा पत्ता माझ्याकडे येतो. पान ठेवायला जागाही फुकट मिळाली.

पहिलं पान रंगीत छापून सोबत पाठवते. मामांना दाखव आणि काय म्हणाले ते खरं खरं लिही.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी,
प्रांजल


वडूज,
२२ मे २०२५

चि. प्रांजल हिस,
मंगलआत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकीट फोडलं आणि म्हटलं, घरात कोण गेलं! मामांचा फोटो गोलात, भोवती झेंडूचा हार, वर उडता गरुड, खाली सोनेरी अक्षरात ‘घोंगडीसम्राट नानासो’. आणि घोंगडं कुठे, तर कोपऱ्यात, रुमालाएवढं. मामांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं की अगं ए, म्या कंच्या वार्डात उभा हाय? उंब्रजहून आलेला सूरज हसून हसून भिंतीला टेकला. पान मी पिठाच्या डब्यामागे लपवलंय. शेजारच्या हरणाबाईच्या हाती लागलं तर मामांना चौकात चहा प्यायला जाता येणार नाही.

चेष्टा पुरे. खड्ड्याचं म्हणशील, तर मला कोणी विचारलंच नाही. ह्या माणसाने लग्न झाल्यापासून मला ‘अगं ए’ सोडून दुसरी हाक मारलेली नाही, आणि कान मंदावल्यापासून तीही वाया जाते. पण माग चालू असला की त्याचा ठोका जमिनीतून माझ्या पायांना कळतो. मी चुलीपाशी असले तरी कळतं, आता विणतायत, आता दोरा तुटला, आता तंबाखू मळतायत. ते थांबलं तर हे घर मला मुकं होईल. हे मी त्यांना बोलले नाही, तुला लिहिते.

म्हणून तू करतेस ते नेटाने कर. सूरजने नवे फोटो काढलेत, मोबाइलवर पाठवेल. आणि माझं एक काम कर. आपलं घोंगडं दोन पट्ट्यांचं. पट्ट्या मामा विणतात आणि मी मधोमध शिवून जोडते. तो जोड फोटोत फार उठून दिसतो. शहरातली माणसं म्हणतील, फाटकं सांधून विकतात. तुझ्या त्या सॉफ्टवेअरात शिवण जाते का बघ. मामांना ह्यातलं काही सांगू नकोस.

जेवणाची हेळसांड करू नये. माया आहेच, तशीच राहू दे.

तुझी,
मंगलआत्या


पलूस,
१५ जून २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हसा, हसा. मीही हसले, पण दोन दिवसांनी. आधी रडले.

मग शांतपणे बसून विकणाऱ्यांची चांगली पानं बघितली. त्यांत गरुड नाही की हार नाही. एक वस्तू, एक-दोन रंग, एकाच वळणाची अक्षरं आणि भोवती मोकळी जागा. दुकानात जागा मोकळी राहिली की मानसिंगदादा तिथे फूल टाकतो. इथे ती तशीच सोडायची असते, आणि हात आवरणं हेच मला सगळ्यात जड गेलं. रोज काहीतरी काढून टाकत गेले. आता पांढऱ्यावर काळं घोंगडं, वर नाव, खाली बटण.

तुझं कामही केलं. गिंपमध्ये एक ब्रश आहे. शिवणीशेजारची लोकर उचलायची आणि शिवणीवर ठेवायची. एका फोटोला आख्खा रविवार गेला, पण आता ती शिवण तुलाही सापडणार नाही. मानसिंगदादाने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला की गड्या, तू आता लग्नातले फोटो करायला घे.

आणि ऐक, बटण दाबलं गेलं! पुण्याच्या एका बाईंनी मागवलंय, मागोमाग नाशिकहून एकांनी. सूरजदादाला पत्ते पाठवलेत. मामांना सांग, वाळू सांगायची घाई करू नका.

तुझ्या मायेची धनी,
प्रांजल


वडूज,
३ ऑगस्ट २०२५

चि. प्रांजल हिस अनेक आशीर्वाद.

पुण्याचं घोंगडं परत आलं. त्याच आठवड्यात नाशिकचंही. पुण्याच्या बाईंनी चिठ्ठी टाकली होती. फोटोत अखंड दाखवून फाटकं शिवलेलं पाठवलंत, ही फसवणूक आहे. सूरजने ती मामांसमोरच वाचली. मामांना काही कळेना. त्यांनी मोबाइलवर तुझं पान काढायला लावलं, फोटो मोठा करायला लावला आणि बोट फिरवून शिवण शोधत बसले.

मग तुझ्यावर भडकले. मी मध्ये पडले, म्हटलं पोरीला काही बोलू नका, मीच सांगितलं होतं. तर ते जास्तच लागलं त्यांना. म्हणाले की माजं काम ठिवलं आन तुजं पुसलं व्हय? मग माजंबी पुसा की! आणि विचारलं, तुला तुज्या शिवणीची लाज वाटती का? पोरी, लाज वाटत होती, हेच खरं.

दुसऱ्या दिवशी वाळूची ट्रॉली आली. ढीग दारातच पडलाय आणि त्यावर कोकरं चढून बसतात. दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणालेत, तेवढंच. माग बंद आहे. मी दिवसभर अनवाणी फिरते, पण पायांना काही कळत नाही.

तू आता सोडून दे. तुझ्या कष्टाचं वाईट वाटतं. मामांचा राग तुझ्यावर राहिलेला नाही, सगळा माझ्यावर आहे, आणि तो मी निस्तरेन.

सुखात राहा.

तुझी,
मंगलआत्या


पलूस,
९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोडणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पान मी काढून टाकलं. दोघांनाही पत्र लिहून माफी मागितली. तू सांगितलंस हे खरं, पण ब्रश माझ्या हातात होता. शिवण गायब झाल्यावर मी स्वतःवरच खूश झाले होते. हे घोंगडं खरंच आपलं आहे का, हा प्रश्न मला पडला नाही.

जेवढा वेळ ती पुसण्यात घालवला, त्याच्या दुप्पट आता दाखवण्यात घालवणार आहे. पुढच्या रविवारी येते. मला तुझे हात पाहिजेत, दाभण पाहिजे आणि अर्धवट शिवलेलं एक घोंगडं पाहिजे. नवी साडी नेसू नकोस. अंगठा वाकडा आहे, नखं काळी आहेत, हे काही मी ऐकणार नाही. आणि मामांशी मी बोलेन. रागावले तर रागावू देत. मी त्यांच्याच मेहुण्याची पोरगी आहे, मलाही राग येतो.

भाकरी आणि झुणका करून ठेव. लोभ आहे म्हणूनच हुकूम सोडते.

तुझी,
प्रांजल


पलूस,
१४ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

त्या रविवारी तू सारखे हात पदराखाली घेत होतीस. फोटो काही मिळत नव्हता. मग मामाच दारातून ओरडले की अगं ए, हात काड भाइर, चोरी केलीयास का? तुला ते ऐकू गेलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून तू हात बाहेर काढलेस. तोच फोटो मी पानाच्या सगळ्यात वर घेतलाय. वाकडा अंगठा, दाभण, मधोमध शिवण. त्याला ब्रश लावलेला नाही, फक्त उजेड थोडा वाढवला.

खाली असं लिहिलंय: “हे घोंगडं दोन पट्ट्यांचं आहे. मधली शिवण हाताने घातलेली आहे आणि ती दिसते. नवं असताना हे टोचतं. चिंचोक्याच्या खळीमुळे कडक असतं आणि त्याला वास येतो. दोनदा धुवा, उन्हात वाळवा, मग अंगावर घ्या. हे चालणार नसेल तर मागवू नका.”

पप्पांनी वाचलं आणि म्हणाले की आपल्या मालाची एवढी बदनामी वैऱ्यानेही केली नसती. मानसिंगदादाने ‘मागवू नका’ तेवढं काढ म्हणून हात जोडले. मी काढलं नाही. पहिला आठवडा काहीच झालं नाही आणि मला खरंच भीती वाटली. रोज पान उघडून बघायची आणि बंद करायची. मग कोल्हापूरहून एक मागणी आली, मग मुंबईहून, आणि आता सूरजदादाकडे होती तेवढी घोंगडी संपली. पुण्याच्या बाईंचं उत्तर नाही, ते येणारही नाही. पण ह्या वेळी एकही घोंगडं परत आलेलं नाही.

आता एक अडचण आहे. पानावर ‘विणणारे: नानासो’ एवढंच आहे. मुंबईच्या गिऱ्हाइकाने विचारलंय की शिवण कोण घालतं, त्या बाईंचं नाव का नाही. तुझं नाव घालायचं तर मामांना विचारायला हवं, नाहीतर पुन्हा त्यांच्यामागे काहीतरी केल्यासारखं होईल. तू त्यांना हे पत्र वाचून दाखव आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत कळव.

दसऱ्याची वाट बघते, आणि धास्तीही आहे.

तुझी,
प्रांजल


वडूज,
३ ऑक्टोबर २०२५

चि. प्रांजल हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र आलं तसं मी वाचून दाखवलं, पण नावाचा विषय निघताच हे उठून गेले. मी म्हटलं, पुन्हा बिनसलं.

परवा खंडेनवमी झाली. दरवर्षी मागाची पूजा असते. आडवा दोरा फिरवायचा धोटा, कात्री, लोकर पिंजायची धनुकली, सगळं मांडतात आणि मी हळदकुंकू वाहते. ह्यावेळी शेवटची पूजा म्हणून गुपचूप ताट घेऊन आले. तर हे पूजेला बसेचनात. मला खुणेने विचारलं, दाभण कुठाय? मला वाटलं पोतं शिवायचंय. म्हटलं, पूजा होऊ द्या, मग शोधते. तर म्हणाले, दाभण आल्याबिगर पूजा व्हायची न्हाई. माझं दाभण आजवर कोणी पूजेत मांडलेलं नव्हतं, मीही कधी मांडलं नव्हतं. शोधलं तर ते अर्ध्या शिवलेल्या घोंगड्यात टोचलेलं सापडलं. मी उपसायला लागले, तर काढू नगंस म्हणाले, घोंगडंच आणून धोट्याशेजारी ठेवलं आणि पहिलं कुंकू दाभणाला लावलं. सूरजने ताट धरलं म्हणून, नाहीतर पडलंच असतं.

मग सूरजला जवळ बसवून सांगितलं की फरशी घाल, पण खड्ड्याच्या काठापातूर. खोली थोडी लहान होईल, सूरज तयार आहे. वाळू फरशीखाली जाईल. मागावर उभ्या दोऱ्यांचा नवा ताणा कालच चढला. आज सकाळी मी भाकऱ्या थापताना पायांना ठोका लागला आणि तव्यावरची भाकरी करपली. तीच मामांना वाढली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. पूजा झाल्यावर मी विचारलं, पोरीला काय लिहू? हे माझ्याकडे न बघता, धोट्याकडे बघत म्हणाले की लिही, इणनार नानासो, आन शिवनार मंगल.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा आलं. आणि पोरी, मला ते स्वच्छ ऐकू आलं. तरी मी कानाला हात लावला, ऐकू आलं नाही म्हणाले, आणि पुन्हा म्हणायला लावलं.

नाव मोठ्या अक्षरात घाल. गरुड नको. ही माया आता पुसली जायची नाही.

तुझी,
मंगल